औषध कंपन्यांच्या नफ्यावर सरकार सरळ मर्यादा का घालत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढे घोळ नको. वडिलांना रक्तदाबासाठी दोन औषधं मिळून केलेली एक गोळी चालू आहे. डॉक्टर लिहितात त्या ब्रँडची दहा गोळ्यांची स्ट्रिप १५० रुपयांना मिळते. तेच घटक, तीच मात्रा, पण दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप ४० रुपयांना. तुमचं म्हणणं असं, की "खर्चावर १५-२० टक्के नफा घ्या, त्यावर एक पैसा नाही, असा कायदा केला की विषय संपला. सरकार तो करत नाही म्हणजे साटंलोटंच असणार."

साटंलोटं किती आहे ते मी सांगू शकत नाही, तो माझा प्रांत नाही. मी कॉस्ट अकाउंटंट आहे. १९९८ पासून औषधांच्या किमतींचेच हिशेब करते, आधी एका कंपनीत नोकरी म्हणून आणि नंतर स्वतंत्रपणे. माझं पोट याच धंद्यावर चाललं आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

तुम्ही सुचवताय तो कायदा आपल्याकडे होऊन गेला आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर औषधांच्या किमती जाहीर करणं सक्तीचं झालं आणि १९६३ मध्ये त्या गोठवल्या गेल्या. त्याआधी थोडंच, अमेरिकेत सिनेटर केफॉवर यांच्या समितीनं औषधांच्या किमतींची चौकशी केली होती आणि भारत हा जगातल्या सर्वांत महाग औषधांच्या देशांपैकी एक आहे असं तिच्या अहवालात आलं होतं. मग १९७० मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली औषध किंमत नियंत्रण आदेश निघाला. त्यात कंपनीचा करपूर्व नफा विक्रीच्या १५ टक्क्यांपुढे जाऊ नये अशी अट होती. अगदी तुमचाच आकडा! १९७९ च्या आदेशात ३४७ मूळ औषधं नियंत्रणाखाली आली आणि त्यांचे वर्ग पाडून खर्चावर ४०, ५५ किंवा १०० टक्के वाढावा ठरवून दिला. १९९५ च्या आदेशात औषधांची संख्या ७४ वर आली आणि वाढावा सगळ्यांना सरसकट १०० टक्के झाला.

मी कामाला लागले ती या १९९५ च्या आदेशाच्या काळात. सूत्र सोपं होतं. कच्च्या मालाचा खर्च, तो गोळीत रूपांतरित करण्याचा खर्च, पॅकिंगचं सामान आणि पॅकिंगची मजुरी या चार आकड्यांची बेरीज करायची आणि तिची दुप्पट करायची. वर अबकारी कर. झाली किंमत. त्या वरच्या शंभर टक्क्यांत कंपनीचा नफा, जाहिरात, वाहतूक, होलसेलर आणि केमिस्ट सगळे बसवायचे.

आता या सूत्राकडे कंपनीच्या खुर्चीत बसून बघा. खर्च ५ रुपये दाखवला तर हातात ५ येतात, ८ दाखवला तर ८. काटकसर करणाऱ्याला शिक्षा आणि उधळ्याला बक्षीस. सरकारनं पॅकिंग आणि प्रक्रियेतल्या घटीचे मापदंड ठरवून दिले होते, म्हणून फार हात मोकळे नव्हते. पण मोकळे होते तिथे आम्ही ते वापरायचो, खोटं कशाला बोलू? साधी ब्लिस्टर पट्टी चालली असती तिथे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचं पॅकिंग आलं, आणि "ओलाव्यापासून संरक्षण" असं कारण फायलीत गेलं. काही औषधांना ते खरोखर लागतं. सगळ्यांना नाही.

याहून मोठी फट कच्च्या मालाच्या भावात असते. १९७३ मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानं रोश कंपनीच्या लिब्रियम आणि व्हॅलियम या दोन औषधांची चौकशी केली. कंपनीची ब्रिटिश शाखा आपल्याच मूळ कंपनीकडून कच्चं औषध किलोला शेकडो पौंड देऊन घेत होती. तेच रसायन इटलीत ९ ते २० पौंड किलोनं मिळत होतं. शाखेच्या वहीत नफा माफकच दिसणार, कारण तो आधीच "खर्च" या नावानं देशाबाहेर गेलेला असतो. नफ्यावर बंधन घालायचं तर खर्च कुणीतरी मोजावा लागतो, आणि खर्चाचे कागद कंपनीच्याच कपाटात असतात.

आता तुमच्या १५० रुपयांकडे येऊ. या भागाकडे लक्ष द्या, कारण गैरसमज इथेच आहे.

१५० मधून आधी ५ टक्के जीएसटी वजा करा, उरले साधारण १४३. नियंत्रणाबाहेरच्या औषधावर केमिस्टला २० टक्के सोडायची रीत आहे, म्हणजे २८-२९ रुपये त्याचे. उरलेल्या ११४ वर स्टॉकिस्टचे, म्हणजे होलसेलरचे, १० टक्के. कंपनीच्या हातात पडतात सुमारे १०३ रुपये. आणि गोळी बनवायला किती लागतात? रक्तदाबाचं एक जुनं औषध ५ मिलिग्रॅमच्या गोळीत येतं. दहा गोळ्यांत ५० मिलिग्रॅम, म्हणजे एक किलो कच्च्या औषधातून २०,००० स्ट्रिप निघतात. किलोला ४,००० रुपये भाव धरला तरी एका स्ट्रिपमधलं औषध २० पैशांचं. त्यापेक्षा फॉइल महाग, आणि कधी कधी खोक्यावरची छपाईसुद्धा. तुमच्या वडिलांच्या गोळीसारखे, दोन घटकांचे जे हिशेब माझ्या हाताखालून गेले, त्यात अख्ख्या स्ट्रिपचा खर्च दहा-पंधरा रुपयांच्या वर क्वचितच गेला.

म्हणजे मधले ९० रुपये नफा? नाही. गावोगाव डॉक्टरांकडे फिरणारे एमआर (कंपनीचे विक्री-प्रतिनिधी), त्यांचे एरिया मॅनेजर, डॉक्टरांच्या परिषदा, नमुन्याच्या गोळ्या, केमिस्टला "दहावर एक फुकट"सारख्या स्कीम, ऑफिसं, व्याज हे सगळं त्यातून जातं. शेवटी ताळेबंदात करपूर्व नफा उरतो, समजा, १०३ वर २० रुपये. आता तुमचा १५ टक्क्यांचा कायदा लावून पाहा. २० चे झाले साडेपंधरा. स्ट्रिपमागे फार तर साडेचार रुपये वाचतील, आणि तेही चुकवणं कंपनीला अवघड नाही. आणखी एक परिषद भरवली की नफा आपोआप मर्यादेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

१५० आणि ४० मधला फरक नफ्याचा कमी आणि डॉक्टरांच्या पेनापर्यंत पोचण्याच्या खर्चाचा जास्त आहे. औषध निवडतो एक, पैसे भरतो दुसरा, आणि निवडणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही. साबण महाग वाटला तर आपण दुसरा उचलतो. औषधाच्या दुकानात ते करता येत नाही, आणि ते नुसतं आपलं भिडस्तपण नाही, कायदाच आहे. औषध नियमावलीतल्या ६५ व्या नियमाप्रमाणे, चिठ्ठीवर लागणाऱ्या औषधांच्या बाबतीत केमिस्टला लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा देता येत नाही. तुमचा केमिस्ट "तेच आहे, पण मला देता येत नाही" म्हणाला असेल, तर त्याच्यावर चिडू नका.

इथे एक उलटी बाजूही आहे. ४० रुपयांची प्रत्येक स्ट्रिप सज्जन असते असं नाही. ज्याला धंद्यात ट्रेड जेनेरिक म्हणतात तो माल एमआरशिवाय थेट दुकानात जातो. केमिस्टला १० रुपयांना मिळतो आणि छापील किंमत असते ६०. त्यानं ४० ला दिला तर तुम्ही खूश आणि तोही खूश. खर्च वाचला, पण वाचलेला पैसा कंपनीकडून दुकानदाराकडे सरकला.

हे सगळं पाहूनच २०१३ मध्ये पद्धत बदलली. खर्च मोजणं सोडून बाजारभाव धरायचं ठरलं. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असलेल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवतं. हे प्राधिकरण १९९७ पासून आहे, आणि २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. पद्धत अशी: बाजारात किमान १ टक्का वाटा असलेले सगळे ब्रँड घ्यायचे, ते केमिस्टला कितीला मिळतात त्याची सरासरी काढायची, वर केमिस्टचे १६ टक्के. समजा, पाच ब्रँड ३०, २८, २४, १० आणि ८ रुपयांना मिळतात. सरासरी २०, कमाल किंमत २३.२०, वर जीएसटी. ३० वाल्याला खाली यावं लागतं. ८ वाल्याला मात्र २३ पर्यंत उडी मारता येत नाही, त्यानं आहे त्या भावातच राहायचं.

या पद्धतीवर माझा आक्षेप आहे. ज्या बाजारात ब्रँडच्या जोरावरच भाव फुगलेले आहेत, त्याच भावांची सरासरी काढून तिला न्याय्य म्हणायचं, हे माझ्या हिशेबी बुद्धीला पटत नाही. औषध-हक्काच्या क्षेत्रातल्या संघटना २००३ मध्येच औषधांच्या किमतींसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि या पद्धतीवर त्यांचाही हाच आक्षेप आहे. तरीही एक मान्य करते: या पद्धतीत आकडे कुणाच्या कपाटातून मागावे लागत नाहीत. माझ्यासारख्या लोकांची कारागिरी त्यात चालत नाही.

मग वडिलांची गोळी १५० ला कशी? कारण यादीत ठरावीक औषधं ठरावीक मात्रेत आहेत. दोन औषधं सुटी सुटी यादीत असली तरी त्यांची जोडगोळी यादीत असेलच असं नाही, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या बऱ्याच जोडगोळ्या नाहीत. यादीतलं औषध आधीपासून बनवणाऱ्या कंपनीनं तशी जोडगोळी काढली तर तिला किमतीची मंजुरी घ्यावी लागते. जिनं ते औषध कधी बनवलंच नाही, तिला नाही. यादीबाहेरच्या औषधांवर एकच लगाम आहे: वर्षाला छापील किंमत १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. सुरुवातीची किंमत काय ठेवायची ते त्यांचं ते. यादीतल्या औषधांची वाढ घाऊक किंमत निर्देशांकावर ठरते. ती २०२२ मध्ये १०.७७ टक्के, २०२३ मध्ये १२.१२ टक्के, आणि २०२४ मध्ये जवळजवळ शून्य होती. एप्रिल आला की "औषधं महागणार" अशा बातम्या झळकतात, त्या यामुळे. गंमत म्हणजे त्या बातम्या नियंत्रणाखालच्या औषधांबद्दल असतात आणि लोकांचा खिसा बहुतेक वेळा यादीबाहेरच्या औषधांनी रिकामा होतो.

इथवरचं थोडक्यात: नफ्याला हात घातला तर तो खर्चाच्या आड लपतो, खर्चाला घातला तर तो फुगतो, आणि किमतीला घातला तर कंपनी यादीच्या बाहेरून वाट काढते. याचा अर्थ नियंत्रण फुकट आहे असा मात्र नाही. ते कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे.

हृदयाच्या स्टेंटचं पाहा. औषध लावलेला स्टेंट रुग्णाला लाखाच्या पुढे पडायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्राधिकरणानं त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये केली आणि साध्या स्टेंटची ७,२६०. किंमत खरोखर उतरली, कारण फुगवटा कारखान्यात नव्हता, हॉस्पिटलपर्यंतच्या साखळीत होता. २०१९ मध्ये यादीबाहेरच्या ४२ कर्करोग-औषधांवर व्यापारी कमिशनची ३० टक्क्यांची मर्यादा घातली, तिथेही तेच. पण २०१८ मध्ये प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७०० टक्क्यांहून जास्त कमिशन निघालं, आणि त्यात ठळक होत्या सिरिंज, कॅन्युलासारख्या किरकोळ वस्तू. फुगा एका बाजूला दाबला की दुसरीकडून हवा वर येते. ॲडमिट असलेला पेशंट घासाघीस करत नाही, हॉस्पिटलच्या फार्मसीतूनच घ्या म्हटलं की घेतो.

आता दुसरं टोक, ज्याकडे कुणी बघत नाही: औषध इतकं स्वस्त करून ठेवायचं की ते मिळेनासं होतं. काही वर्षांपूर्वी एका लहान कारखान्याच्या मालकांनी मला एका जुन्या इंजेक्शनचा हिशेब करायला बोलावलं. टेबलावर त्यांनी एक वायल फोडून मांडली: काच, रबरी बूच, ॲल्युमिनियमची टोपी, लेबल. म्हणाले, "मॅडम, आतलं सोडून द्या, नुसतं बाहेरचंच मोजा." मोजलं. वीज, निर्जंतुकीकरण आणि मजुरी धरून वायलमागे चाळीस पैसे तोटा येत होता. यादीतलं औषध बंद करायचं तर सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते. त्यांनी दिली, आणि सातव्या महिन्यात ती लाइन थांबली. दंगा नाही, बातमी नाही.

हे एकट्याचं नाही. हेपॅरिन हे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं आणि त्याच्या कच्च्या मालासाठी आपण चीनकडे बघतो. तिथला भाव चढला आणि इथली किंमत बांधलेली, म्हणून २०२० मध्ये, ऐन कोविडात, प्राधिकरणाला ती ५० टक्क्यांनी वाढवावी लागली. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये औषधांच्या २१ प्रकारांना अशीच ५० टक्के वाढ दिली होती आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी आठ औषधांना, ज्यांत पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, साल्ब्युटामॉल, लिथियम अशी जुनी, गरिबांची औषधं होती. "औषधांच्या किमती दीडपट" हा मथळा वाचून राग येतो, ठाऊक आहे. त्या यादीवर मी मात्र सही केली असती.

पेटंटच्या औषधांचा नियम सगळ्यांत वेगळा. तिथे दुसरा विक्रेताच नसतो, मग सरासरी कशाची काढणार? कंपन्या संशोधनाचा खर्च पुढे करतात. एका नव्या औषधामागचा तो खर्च कुणी १ अब्ज डॉलरच्या आसपास धरतं, कुणी २.६ अब्ज. एवढी तफावत असलेल्या आकड्यावर वाजवी नफा कसा ठरवायचा, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं पेटंटच्या नव्या औषधांना पाच वर्षं नियंत्रणातून सूट आहे, जी मला चुकीची वाटते. सरकारच्या हातात एक शस्त्र आहे, सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवू देणं. बायरचं सोराफेनिब हे कर्करोगाचं औषध महिन्याला २ लाख ८० हजारांना पडायचं. मार्च २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला परवाना दिल्यावर तेच नऊ हजारांच्या आत आलं. ते शस्त्र त्यानंतर म्यानातच राहिलं आहे.

तुम्ही विचाराल, मग नफ्यावर बंधन कुठेच चाललं नाही का? ब्रिटननं १९५७ पासून कंपन्यांशी करार करून बरीच दशकं जवळपास तेच केलं. पण तिथे बहुतेक सगळी औषधं एकच गिऱ्हाईक घेतं, ते म्हणजे सरकारी आरोग्यसेवा. ज्याच्या हातात तुमची अख्खी विक्री आहे, त्याला तुम्ही वह्या दाखवता. आपल्याकडे २०२१-२२ मध्येही आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. कोट्यवधी गिऱ्हाइकं, एकेक स्ट्रिप घेणारी. त्यांना वह्या कोण दाखवणार?

म्हणून मला विचाराल तर नफ्याचा कायदा माझ्या यादीत पाचवा-सहावा येईल. पहिली येईल सरकारी खरेदी. तामिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळानं १९९५ पासून एकत्र निविदा काढून, माल तपासून, सरकारी दवाखान्यांना औषधं पुरवली, आणि त्याच कारखान्यांकडून दुकानातल्या भावाच्या कितीतरी खाली घेतली. कंपन्यांनी आनंदानं दिली, कारण तिथे एमआर लागत नाही. दुसरं, औषध यादीत आलं की त्याच्या सगळ्या मात्रा आणि जोडगोळ्या आत घ्याव्यात. तिसरं, केमिस्टला ब्रँड बदलण्याची मुभा. यावर डॉक्टर मंडळी म्हणतात की जेनेरिकच्या दर्जाची खात्री कोण देणार, आणि ते मी उडवून लावणार नाही. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिकला मूळ औषधाइतकंच रक्तात उतरतं हे सिद्ध करण्याची सक्ती २०१७ मध्ये झाली. त्याआधीच्या परवान्यांचा मोठा साठा बाजारात आहेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये औषध ब्रँडऐवजी जेनेरिक, म्हणजे घटकाच्या, नावानं लिहिण्याचा नियम काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला, त्यामागे हेही एक कारण होतं.

तुमच्या वडिलांपुरतं सांगते. त्या जोडगोळीतले दोन घटक सुटे लिहून देता येतील का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. दोन्ही यादीत असतील तर दोन सुट्या गोळ्या मिळूनही जोडगोळीपेक्षा स्वस्त पडू शकतात. फक्त वडील दोन गोळ्या न विसरता घेतील का, ते तुम्हालाच माहीत. कमाल किंमत प्राधिकरणाच्या "फार्मा सही दाम" या ॲपवर दिसते, दुकानातली त्यापेक्षा जास्त असेल तर तक्रार करता येते. जनऔषधी केंद्रात तीच मात्रा मिळते का बघा. बदल केलात तर एका वेळी एकाच औषधाचा करा आणि दोन-तीन आठवडे घरी रक्तदाब मोजून वहीत लिहा, डॉक्टरांना तीच वही दाखवा. वडिलांना थायरॉइडची किंवा फिटची गोळीही चालू असेल, तर त्या दोन्हींचा ब्रँड मात्र स्वस्तासाठी आपण होऊन बदलू नका. तिथे मात्रेतला किंचित फरकही अंगावर येतो.